कॅन्ससमधल्या छोट्या कंट्री रेडिओ स्टेशनवर काम करायचे असेल तर

पहिल्या दिवशी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या हाती जो कागद आला, त्यावर गाण्यांची यादी नव्हती. परिसरात आदल्या दिवशी वारलेल्या तीन माणसांची नावे, त्यांची वये, मागे राहिलेल्यांची नाती आणि अंत्यविधीच्या वेळा एवढेच त्यावर होते. "सहा पंचवीसला हे वाचायचे आहे, त्याआधी दोनदा मोठ्याने वाचून बघ," एवढे सांगून व्यवस्थापक कॉफी करायला निघून गेले. कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून वाढलेले संगीत, वाजवणाऱ्या स्टेशनवर आपला दिवस गिटार आणि बॅन्जो यांच्या सुरांत जाईल, ही बार्शीहून निघताना मी सोबत घेतलेली समजूत त्या कागदाने पाच मिनिटांत मोडीत काढली. गाणी संगणक लावतो. माणसाला पगार मिळतो तो दोन गाण्यांच्या मधल्या जागेसाठी, आणि त्या जागेत काय बोलायचे हे ज्याला त्या गावाची माहिती आहे त्यालाच कळते. प्रसारमाध्यमांचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेत जाणाऱ्या किंवा गेलेल्या मराठी मुलामुलींपैकी कोणाला अशा ठिकाणी काम करण्याची इच्छा असेल, तर ही माहिती त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून लिहीत आहे.

मी जिथे काम केले ते स्टेशन कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात, चार हजारांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या काउंटीच्या ठिकाणी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका आणि जिल्हा यांच्या मधले काहीतरी. गावात न्यायालय, शेरीफचे कार्यालय, ज्यांना तिथे एलिव्हेटर म्हणतात ती धान्याची उंचच उंच सिमेंटची कोठारे, अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या दोन संस्था आणि चौकातला एकुलता एक सिग्नल होता. वारा दक्षिणेकडून असला की मांसासाठी गुरे पोसणाऱ्या छावण्यांचा वास गावभर पसरे आणि नाक मुरडणाऱ्या नवख्याला लोक हसून सांगत की हा पैशाचा वास आहे. स्टेशन गावाबाहेर, मनोऱ्याच्या पायथ्याशी, पत्र्याच्या छपराच्या बैठ्या इमारतीत होते. कंट्री संगीत वाजवणारे एफएम आणि शेती, बातम्या व खेळ सांगणारे एएम अशी दोन स्टेशने त्याच इमारतीतून चालत आणि दोन्हींचे मिळून आम्ही पाच जण होतो. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील स्टेशनांची नावे साधारणपणे के या अक्षराने आणि पूर्वेकडील डब्ल्यूने सुरू होतात, त्यामुळे आमचे नाव के पासून सुरू होणारे चार अक्षरांचे होते. दर तासाच्या ठोक्याला ती चार अक्षरे आणि लगेच परवान्यावरील गावाचे नाव उच्चारावे लागते. या दोहोंच्या मध्ये कंप्रता सांगितलेली चालते, पण कौतुकाची विशेषणे घुसवता येत नाहीत. एएमच्या बाबतीत आणखी एक काम असे. रात्री मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर जातात व त्याच कंप्रतेच्या दुसऱ्या स्टेशनांत मिसळतात, म्हणून सूर्यास्ताच्या सुमारास आमची प्रक्षेपणशक्ती घटवावी लागे आणि त्या वेळेचा महिनावार तक्ता भिंतीवर चिकटवलेला असे. तो बदल यंत्राने आपोआप होतो, पण झाला की नाही हे पाहून नोंद करण्याचे काम नवख्याकडे येते.

आता व्हिसाची गोष्ट, कारण बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर शिकताना विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या रेडिओवरचे कामही त्यात बसते. आवाराबाहेरच्या स्टेशनवर शिक्षणाचा भाग म्हणून उमेदवारी करायची तर सीपीटी नावाची परवानगी, आणि पदवीनंतर काम करायचे तर ओपीटी नावाची १२ महिन्यांची परवानगी लागते. सीपीटी पूर्णवेळ १२ महिने वापरली, तर त्याच पदवीच्या पातळीवरची ओपीटी हातची जाते, हे पहिल्याच वर्षी ध्यानात ठेवावे. मी एक उन्हाळा सीपीटीवर आणि नंतरचे वर्ष ओपीटीवर काढले. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. नव्वद हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, परंतु छोट्या स्टेशनचा मालक गव्हाची कापणी उरकेपर्यंत तुमच्या पत्राला उत्तरही देत नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतील अभ्यासक्रमांना मिळणारी आणखी २४ महिन्यांची वाढ प्रसारमाध्यमांच्या साऱ्याच पदव्यांना लागू होत नाही. ती तुमच्या अभ्यासक्रमाच्या सांकेतिक क्रमांकावर अवलंबून असते, म्हणून हा क्रमांक प्रवेश घेण्यापूर्वीच विचारून घ्यावा. पाच माणसांचे स्टेशन एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा खर्च आणि खटाटोप करील, अशी अपेक्षा मात्र मुळीच धरू नये.

एवढे असूनही अशी स्टेशने परक्याला घेतात, कारण पहाटे पाचला उठून, शनिवारी सुद्धा येऊन, माफक पगारात काम करायला तिथे सहजासहजी कोणी जात नाही. अर्जासोबत एअरचेक पाठवावा लागतो, म्हणजे प्रसारित झालेल्या आपल्या निवेदनातील गाणी व जाहिराती कापून उरलेले बोलणे. तो तीन मिनिटांपेक्षा मोठा नसावा आणि पहिल्या वीस सेकंदांत हवामान, वेळ किंवा स्थानिक बातमी असे काहीतरी कामाचे यावे. माझ्या पहिल्या एअरचेकमध्ये मी लोकसंगीताविषयी फार सुंदर बोलले होते. तो मी अकरा ठिकाणी पाठवला आणि एकाही ठिकाणाहून उत्तर आले नाही. दुसऱ्यात विद्यापीठ परिसरातल्या हिमवादळात कोणते रस्ते बंद आहेत हे सांगतानाचे माझे धापा टाकणे होते. त्यावर दोन ठिकाणांहून बोलावणे आले.

कंट्री संगीताची पार्श्वभूमी जाण्याआधी वाचून ठेवणे आवश्यक आहे, परंतु ती मिरवण्यासाठी नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या मनाचा नाजूक कोपरा कोणता हे कळण्यासाठी. या संगीताचे आणि रेडिओचे नाते जन्मापासूनचे आहे. टेनेसीतील नॅशव्हिल येथे डब्ल्यूएसएम हे स्टेशन ऑक्टोबर १९२५ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला तिथे शनिवार रात्रीचा जो गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तोच पुढे ग्रँड ओल ऑप्री या नावाने देशभर पोहोचला. त्याच्या सुरुवातीच्या लोकप्रिय कलावंतांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. कंट्री म्हणजे गोऱ्यांचे संगीत असे जे गृहीत धरले जाते, त्याला हे नाव आणि आफ्रिकेतून आलेल्या वाद्यांवरून घडलेला बॅन्जो हे पुरेसे उत्तर आहे. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाच्या १९६६ मधील पहिल्या तबकड्या रेडिओ स्टेशनांना छायाचित्राविना पाठवण्यात आल्या होत्या. आवाज आधी ऐकू द्यावा आणि चेहरा नंतर दिसू द्यावा, असा तो हिशेब होता. कॅन्ससचा स्वतःचा किस्सा याहून विलक्षण आहे. मिलफर्ड नावाच्या खेड्यात जॉन ब्रिंकली हा भोंदू डॉक्टर बोकडाच्या ग्रंथी पुरुषांना बसवून गेलेले पौरुष परत आणून देण्याचा धंदा करीत असे, आणि त्या धंद्याच्या प्रचारासाठी त्याने १९२३ मध्ये केएफकेबी हे स्टेशन काढले. १९३० मध्ये परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेल्यावर तो थेट मेक्सिकोच्या हद्दीत, व्हिला अकुन्या येथे गेला आणि तिथून त्याने प्रचंड शक्तीचे स्टेशन चालवले. त्याच सीमेपलीकडच्या स्टेशनवरून तीसच्या दशकाच्या अखेरीस कार्टर कुटुंब या कंट्री गायकवृंदाची गाणी अमेरिकेच्या कानाकोपऱ्यात ऐकू गेली. आमच्या व्यवस्थापकांच्या मते गावरेडिओचे सगळे गुण आणि सगळे दुर्गुण ब्रिंकलीत एकवटले होते. मला हे मत तेव्हा अतिशयोक्त वाटले होते. आता वाटत नाही.

गाण्यांच्या निवडीत तुमचे मत कोणी विचारणार नाही, हे आधीच स्वीकारावे. संगणकातील गाणी सध्याची, लोकप्रियतेच्या यादीतून नुकतीच उतरलेली आणि जुनी अशा गटांत विभागलेली असतात. कोणत्या गटातले गाणे तासाच्या कोणत्या मिनिटाला यावे, एकाच गायकाच्या दोन गाण्यांत किती अंतर असावे, हे सारे नियम आज्ञावलीत भरलेले असतात आणि निवेदकाच्या हातात गाण्याचे शब्द सुरू होण्यापूर्वीचे दहा-पंधरा सेकंद तेवढे उरतात. त्या सेकंदांवर बोलून गायकाचा पहिला शब्द येण्याच्या क्षणी थांबणे याला पोस्ट गाठणे म्हणतात. ही कला सरावाने येते आणि ती साधली की वाटणारा आनंद पोरकट असला तरी खरा असतो. या नियमांत काही नियम लिहिलेले नसतात. दोन स्त्रियांची गाणी लागोपाठ लावू नयेत, असा एक संकेत या क्षेत्रात वर्षानुवर्षे पाळला गेला. २०१५ मध्ये एका सल्लागाराने स्त्री गायकांना कोशिंबिरीत मोजकेच घालायच्या टोमॅटोची उपमा देऊन तो उघडपणे बोलून दाखवला, तेव्हा कुठे त्यावर मोठे वादळ उठले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओक्लाहोमातील एडा या गावच्या स्टेशनने बियॉन्से या कृष्णवर्णीय पॉप गायिकेच्या नव्या कंट्री गाण्याची फर्माइश, आम्ही कंट्री स्टेशन आहोत या कारणाने आधी नाकारली आणि टीकेची लाट आल्यावर ते गाणे लावले. ते गाणे आपल्याकडे पोहोचलेच नव्हते, असे त्या स्टेशनचे म्हणणे होते. बाहेरच्यांना ही सबब वाटते, पण छोट्या स्टेशनवर गाणी कशी येतात हे पाहिलेल्या माणसाला ती अशक्य वाटत नाही. तरीही फर्माइशीचा नकार लिहिणारा हात कोणाचा असतो, तर बहुधा नवख्याचाच. म्हणून नकार लिहिण्याआधी कोणाला तरी विचारावे.

सर्वांत जास्त घाम मला बाजारभावांनी फोडला. बार्शीच्या मोंढ्यातील भाव आकाशवाणीवर ऐकत मोठे झाल्यामुळे हे काम आपल्याला सहज जमेल, असे मला वाटले होते. तिथे गहू बुशेलमध्ये मोजतात. गव्हाचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, सुमारे २७.२ किलो, म्हणजे एका क्विंटलमध्ये पावणेचार बुशेलांच्या जवळपास गहू बसतो. वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या व्यवहाराचा, भाव पाव सेंटाच्या पायरीने हलतो आणि शेतकऱ्याला तो पाव सेंटही ऐकायचा असतो. पश्चिम कॅन्ससमध्ये पिकतो तो थंडीआधी पेरला जाणारा कडक लाल गहू, आणि त्याचा वायदा कॅन्सस सिटी या नावाने ओळखला जातो. शिकागोच्या नावाने ओळखला जाणारा वायदा मऊ लाल गव्हाचा आहे. कॅन्सस सिटीचा बाजार २०१२ मध्ये शिकागोच्या मोठ्या कंपनीने विकत घेतल्यापासून दोन्ही भाव एकाच पडद्यावर, एकाखाली एक दिसतात. तिसऱ्या आठवड्यात मी शिकागोचा भाव कॅन्सस सिटीचा म्हणून वाचला. गाणे सुरू होऊन अर्धे कडवेही झाले नसेल, तोच फोन वाजला. "मुली, हा भाव मला एलिव्हेटरवाला देणार असेल, तर मी आत्ताच ट्रक भरतो," पलीकडचे आजोबा शांतपणे म्हणाले. मी पुढच्या मोकळ्या जागेत चूक कबूल करून बरोबर आकडा सांगितला. चूक झाली तर ती त्याच तासात, त्याच आवाजाने दुरुस्त करायची आणि सबब सांगायची नाही, हा नियम मला त्या दिवशी लागला. त्या आजोबांनी पुढे वर्षभर मला पावसाची मोजमापे फोनवर कळवली.

उच्चारांचे प्रकरण याहूनही नाजूक आहे. जवळच्या एका राज्याचे नाव आर्कन्सॉ असले, तरी त्याच अक्षरांनी लिहिली जाणारी नदी कॅन्ससमधून वाहते तेव्हा तिला आर-कॅन्सस म्हणतात. पुस्तकी उच्चार करणाऱ्याला लोक दुरुस्त करतात आणि तो दुसऱ्यांदा चुकला तर मनातल्या मनात परका ठरवतात. एल डोरेडो या गावाचे नावही स्पॅनिश वळणाने घेतलेले तिथे चालत नाही. आडनावे आणखी बिकट असतात, कारण रशियातील व्होल्गा नदीकाठाहून आलेल्या जर्मन कुटुंबांची, स्वीडिश आणि चेक वस्त्यांची, आणि मांस प्रक्रियेच्या कारखान्यांमुळे अलीकडे वसलेल्या मेक्सिकन, व्हिएतनामी व सोमाली कुटुंबांची नावे एकाच पानावर येऊ शकतात. मृत्यूची सूचना वाचताना नाव चुकणे याइतका मोठा अपराध त्या स्टेशनवर नव्हता. मी एक वही केली. प्रत्येक नाव अंत्यविधीच्या संस्थेला फोन करून विचारायचे आणि ते देवनागरीत लिहून ठेवायचे. इंग्रजीत लिहिलेले उच्चार माझे मलाच पहाटे वाचता येत नसत, पण देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ आणि ट-त यांचा घोळ उरत नसे. माझ्या सहकाऱ्यांना ती वही म्हणजे एक गूढ लिपी वाटे, परंतु अवघड नाव आले की तेच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत.

स्वतःच्या हेलाविषयी नवख्यांना फार धास्ती असते, म्हणून एवढेच सांगते की तिथला हेल उसना घेऊ नये. मी पहिल्या महिन्यात स्वर लांबवून बोलण्याचा प्रयत्न केला होता आणि आमच्या कार्यालयातील बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले होते की तुझे दात दुखतात का. सावकाश, शब्दांच्या अखेरच्या व्यंजनांपर्यंत पोहोचून बोललेले भारतीय इंग्रजी तिथल्या वृद्ध श्रोत्यांना चांगले कळते. तक्रारीचे दोन-चार फोन येतात, त्यातला एखादा कडवट असतो, आणि तो व्यवस्थापकांनी घ्यावा हे नोकरी स्वीकारतानाच ठरवून घ्यावे.

सकाळी नऊ वाजता अर्ध्या तासाचा देवघेवीचा कार्यक्रम असे. अमेरिकेतील असंख्य गावस्टेशनांवर तो स्वॅप शॉप, ट्रेडिंग पोस्ट अशा नावांनी चालतो. लोक फोन करून विकायच्या, हव्या असलेल्या, हरवलेल्या किंवा सापडलेल्या वस्तू सांगतात. आठवडी बाजार फोनवरून भरवला तर जसा होईल, तसे त्याचे रूप असते. आमच्याकडे बंदुका घेतल्या जात नसत, दुकानदारांना फुकट जाहिरात करता येत नसे आणि एका माणसाला तीनच वस्तू सांगता येत. दूरध्वनी क्रमांक दोनदा म्हणावा लागे, दुसऱ्या वेळी अगदी सावकाश, कारण पलीकडे कोणीतरी ट्रॅक्टरमध्ये बसून हाताच्या तळव्यावर तो लिहीत असतो. हा कार्यक्रम उमेदवाराकडे सोपवण्यासारखा किरकोळ वाटतो, परंतु गावात कोण घर सोडून चालले आहे, कोणाचे गुरांचे कुंपण मोडले आहे, कोणत्या घरात पाळणा लागणार आहे हे मला तिथेच कळले.

पैशाच्या बाजूविषयी वर्गात कोणी शिकवत नाही. जाहिरातींचे वेळापत्रक करणाऱ्या विभागाला ट्रॅफिक म्हणतात, हे मला माहीत नव्हते. एका सिग्नलच्या गावात ट्रॅफिक सांभाळायला स्वतंत्र बाई कशाला लागतात, असा प्रश्न मी मुलाखतीनंतर विचारला होता आणि तो वर्षभर माझ्या नावावर सांगितला गेला. त्या बाई रोज जो लॉग काढतात, त्यात कोणती जाहिरात किती वाजता जायची हे लिहिलेले असते. एखादी चुकली तर लपवू नये, कारण ग्राहकाला वेळांची लेखी हमी दिली जाते आणि त्यावरच बिल निघते. निवडणुकीच्या काळात अधिकृत उमेदवाराला पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीपूर्वी ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीपूर्वी ६० दिवस सर्वांत कमी दराने जाहिरात द्यावी लागते. गाणे लावण्यासाठी कोणी पैसे, तिकिटे किंवा जेवण दिले आणि ते प्रसारणात जाहीर केले नाही, तर तो १९६० पासून गुन्हा आहे. गायकाच्या प्रतिनिधीने दिलेली टोपी सुद्धा मी व्यवस्थापकांना दाखवून मगच घेतली. आणखी एक गोष्ट मला खटकली आणि अजूनही खटकते. अमेरिकेत हवेतून प्रसारित होणाऱ्या रेडिओवर गाणे वाजले की गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधन मिळते, पण गाणाऱ्याला काहीच मिळत नाही.

पगाराची बोलणी करताना मी एक चूक केली ती इतरांनी करू नये. आधीच्या उन्हाळ्यात मी एका दुसऱ्या स्टेशनवर होते. तिथे शनिवारी ट्रॅक्टरच्या दुकानाबाहेर तंबू टाकून केलेल्या थेट प्रसारणाचे तास "ओळखी वाढतात" या सबबीखाली माझ्या हजेरीत धरलेच गेले नाहीत. त्या दुकानाने स्टेशनला त्याचे वेगळे पैसे दिले होते, हे मला फार उशिरा कळले. त्यानंतर मी रुजू होण्यापूर्वीच बाहेरच्या प्रसारणाचे तास, गाडीचे तेल आणि शुक्रवारच्या रात्री हे सारे ईमेलवर लिहून घेतले. शुक्रवारच्या रात्री शाळांचे फुटबॉलचे सामने असतात, आणि त्या भागातील लहान शाळा अकराऐवजी आठ-आठ खेळाडूंचे फुटबॉल खेळतात. मला तो खेळ शेवटपर्यंत पुरता समजला नाही. मी आकडे लिहून देत असे आणि मध्यंतरात बँकेची जाहिरात वाचत असे.

वादळाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्यासाठीच अशी स्टेशने अजून माणसे ठेवतात. ४ मे २००७ रोजी कॅन्ससमधील ग्रीन्सबर्ग हे गाव टॉर्नेडोने जवळजवळ पूर्णपणे पुसून टाकले. पश्चिम कॅन्ससमध्ये तो दिवस आठवत नाही असा प्रौढ माणूस मला भेटला नाही. टॉर्नेडो वॉच म्हणजे तसे वादळ होण्यास हवा अनुकूल आहे, आणि टॉर्नेडो वॉर्निंग म्हणजे ते प्रत्यक्ष दिसले आहे किंवा रडारवर त्याची खूण उमटली आहे. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणे ही अक्षम्य चूक मानतात. आणीबाणीच्या सूचनेचे जे कर्कश सूर असतात, ते ठरलेल्या चाचण्यांखेरीज आणि खऱ्या प्रसंगाखेरीज वाजवण्यास कायद्याने बंदी आहे. गंमत म्हणून जाहिरातीत वापरणाऱ्यांना मोठे दंड झाले आहेत.

मेच्या अखेरीस एका संध्याकाळी मी एकटीच होते. यंत्राने सूर वाजवले, डॉज सिटीच्या हवामान कार्यालयाची सूचना छापून बाहेर आली आणि व्यवस्थापकांचा रस्त्यातून फोन आला की वादळ आपल्या काउंटीतून बाहेर पडेपर्यंत एकही गाणे लावायचे नाही. मी गाणी आपोआप लावणारे ऑटोमेशन बंद केले. पुढचे दोन तास मी वादळाची जागा, ते नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकत असल्याने त्याच्या वाटेत येणारे रस्ते आणि आसऱ्यासाठी उघडी असलेली तळघरे एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होते. तिथले ग्रामीण रस्ते एकेका मैलावर आखलेले असतात, त्यामुळे रस्त्याचे नाव सांगितले की ऐकणाऱ्याला आपले अंतर कळते. फोन करणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे, तुम्ही कुठे उभे आहात आणि कोणत्या दिशेला पाहत आहात, आणि ही दोन उत्तरे मिळाल्याशिवाय त्याचे बोलणे प्रसारित करायचे नाही, असे मला शिकवले होते. वीज गेली, जनित्र सुरू होईपर्यंतचे काही सेकंद मी काळोखात बोलत राहिले आणि माझा आवाज बाहेर जात नव्हता हे मला नंतर कळले. जीवितहानी झाली नाही. एका गोठ्याचे छप्पर उडाले आणि शेतातले फिरते सिंचन-सांगाडे उलटले. दुसऱ्या दिवशी नऊच्या कार्यक्रमात विकायला कोणी काहीच आणले नाही. सारे फोन सुटलेल्या वासरांचे आणि शेजाऱ्याच्या शेतात सापडलेल्या पत्र्यांचे होते.

इमारतीत माणूस असणे का महत्त्वाचे, यासाठी तिथले लोक नॉर्थ डकोटातील माइनॉट या शहराचे उदाहरण देतात. १८ जानेवारी २००२ रोजी तिथे रेल्वेगाडी घसरून अमोनियाचा ढग पसरला, तेव्हा पोलिसांना रेडिओ स्टेशनशी वेळेत संपर्क साधता आला नाही आणि शहरातील सर्व सहा व्यापारी स्टेशने एकाच कंपनीच्या हाती होती. दोष स्वयंचलित स्टेशनांचा की सूचना देणाऱ्या यंत्रणेच्या जोडणीचा, यावर वाद झाला. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशने बाळगावीत ही मर्यादा उठवली आणि २०१७ मध्ये गावाजवळ मुख्य स्टुडिओ असलाच पाहिजे हा नियमही रद्द करण्यात आला. त्यामुळे आज अनेक गावांत जो आवाज स्थानिक म्हणून ऐकू येतो, तो दुसऱ्या राज्यात बसून आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो. अर्ज करण्यापूर्वी स्टेशनला दुपारी तीन वाजता फोन लावून पाहावा. कोणी उचलला तर तिथे शिकण्यासारखे काही आहे असे समजावे.

राहण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर स्वतःची गाडी आणि ती चालवण्याचा परवाना यांशिवाय जाऊ नये, हिवाळ्यात गाडीत घोंगडी व फावडे ठेवावे, आणि शाकाहारी असाल तर गुरांच्या प्रदेशात ते वरचेवर समजावून सांगण्याची तयारी ठेवावी. मी मेक्सिकन दुकानातून आणलेल्या मक्याच्या पिठाच्या भाकरी थापीत असे.

बहुतेक स्टेशने आता इंटरनेटवरही ऐकता येतात, याचा उपयोग जाण्याआधीच करावा. कॅन्ससच्या बहुतांश भागातील सकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. ज्या स्टेशनला अर्ज करायचा आहे, त्याचा सकाळचा एक तास दोन आठवडे रोज ऐकावा आणि गाणी चालू असताना हवे तर चहा करून घ्यावा. मृत्यूच्या सूचना, भाव आणि शाळांच्या जेवणाची यादी सुरू झाली की मात्र वही उघडून ऐकू येणारी माणसांची, रस्त्यांची आणि गावांची नावे जशी उच्चारली जातील तशी देवनागरीत लिहून घ्यावीत. मुलाखतीच्या दिवशी व्यवस्थापकांनी माझ्यासमोर एक कागद सरकवून तो वाचायला सांगितला. त्यावरील पाच नावांपैकी तीन माझ्या वहीत होती, आणि उरलेल्या दोनांपाशी थांबून मी विचारले की याचा उच्चार तुम्ही कसा करता.